सतरा नंबरचे व्होल्ट

३ जून
चिकलठाण्यात आले. प्रयोगशाळेच्या वरचीच खोली मिळाली, स्वच्छ आणि भरपूर उजेडाची. खिडकीतून विमाने उतरताना दिसतात. त्यातून माझ्याकडे कुणी येणार नाही, तेव्हा नुसती बघायची. पण सदुसष्टाव्या वर्षी नोकरी! प्रयोगशाळा माझा जुना विद्यार्थी सुदर्शन याची. बंदी असूनही राजरोस विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटी जप्त होऊन इथे येतात. त्यांच्या पडद्यावरचे व्होल्ट आणि खरे व्होल्ट यांतला फरक मी मोजायचा.

५ जून
सोळा झाल्या. सोळाही खोटारड्या. पडद्यावर ३.७, मीटरवर कुठे ३.३, कुठे ४.१. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर सुपीरियरने हे बनवणाऱ्यांना दिवसभर उन्हात उभे केले असते. हवा ओढल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, म्हणून दाबून सोडायच्या रबरी फुग्याने ओढायची. तोंड लावायचे नाही, असा भिंतीवर कागदच आहे. ४.२ म्हणजे सेल पूर्ण भरला.

७ जून
फुगा फाटला. सुदर्शन म्हणाला, सोमवारी नवा येईल, थांबा. थांबा म्हणे! आम्ही कॉलेजात तोंडानेच पिपेट ओढली, ॲसिडसुद्धा. सतरा नंबरमध्ये द्रव नव्हता. पुसली, ओढली. ३.१. झाले काम.
झाडायला येणाऱ्या गोजरबाईंनी ते पाहिले आणि केरसुणी तिथेच टाकून निघून गेल्या. या बायकांना शिस्त नाही.

८ जून
सतरा आज ३.४. तिची चार्जिंगची जागा जळालेली आहे. मग भरली कशाने? मीटर दोनदा बदलला.
जिना चढताना धाप लागली.

१० जून
गोजरबाईंना चहा दिला, तेव्हा कुठे बोलल्या. माझ्याआधी या कामावर राजकुमार नावाचा एक जण होता. त्यानेही सतरालाच तोंड लावले होते.
"सर टेबलावरच गेले, बाई. सकाळी ही भरलेली व्हती."
मी त्यांना अडाणी म्हणाले. नको होते म्हणायला.
सतरा: ३.७. पहिल्यांदाच पडदा खरे बोलला.

११ जून
मुद्दाम गुलमंडीत गेले, कापडाच्या दुकानांत दिवस काढला. परत आले तर ३.९. अंतराचा काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, सगळे आकडे उत्तम आहेत. त्यांच्याही पडद्यावर.
भाचीला, अपेक्षाला, फोन केला. आवाज छान येतोय मावशी, म्हणाली, आणि मीटिंग आहे म्हणून ठेवला.

१२ जून
सेलची तार कापली. आकडा थांबला नाही. ओढावीही लागत नाही आता. मीटरसमोर बसले. मी श्वास घेते, आकडा चढतो. मी सोडते, तो थांबतो. पुन्हा घेते —
माझा श्वास मोजणारे घरात दुसरे कुणी नाही. हे लिहिताना लाज वाटते.

१३ जून
४.१. सुदर्शन जालन्याला गेलाय. फोन लागत नाही. गोजरबाई दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. हात जोडले त्यांनी.
उभे राहवत नाही —

१३, दुपार
४.१८. हळू घेतेय. अगदी थोडा —

४.१९. रोखून धरलाय. हात लिहितो तोवर ठीक. रोखला आहे तोवर आकडा हलत नाही. हलत नाही. छातीत — अजून थोडे — मी घेणार नाही, मी मुळीच घे