धोंड्याच्या जेवणातला घेराव

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर.
अधिक ज्येष्ठ, नळाला पाणी येण्याचा वार.

श्री. रा. रा. गोकुळराव यांस मुलीच्या बापाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा बदलल्यापासून साष्टांग फक्त कागदावरच जमतो, तेवढा गोड मानून घ्यावा.) विहीणबाईंची साखर आटोक्यात असेल, परभणीचं ऊन आटोक्यात नसेल, आणि निवृत्त मुख्याध्यापक असूनही आपण गल्लीतल्या पोरांना पाढे म्हणायला लावत असाल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत. 'सगळे' यात मी स्वतःला धरलेलं नाही.

आपले चिरंजीव आणि माझे जावई हिमांशूराव एव्हाना परभणीला पोचले असतील. त्यांच्या अंगावर एक नवी टोपी, एक उपरणं आणि एक विचित्र चेहरा दिसेल. पहिल्या दोन वस्तूंचा खुलासा करणं मुलीचा बाप म्हणून माझं कर्तव्य आहे. तिसरीचा खुलासा त्यांनी स्वतः करावा, अशी आमच्या आंदोलनाची मागणी आहे. (व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण आपल्या फोनवरचं आमची लेक सावनी वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवते.)

औरंगपुऱ्यातली अक्षय्यसंचय नागरी बँक गेल्या वर्षी बुडाली, हे आपण ऐकलंच असेल. हिमांशूरावांना 'बुडाली' हा शब्द आवडत नाही, ते 'तणावग्रस्त झाली' म्हणतात. झालं असं की संचालकांनी आपापल्या मेहुण्यांना कर्जं वाटली आणि मेहुण्यांनी ती फेडायची नाहीत असं एकमतानं ठरवलं. (इतकं एकमत सहकारात दुसरीकडे कुठं पाहायला मिळत नाही.) मग सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं तोडगा काढला: जनतेच्या करातून बँकेत पैसा ओतायचा, मोठ्या कर्जदारांचं निम्मं कर्ज सोडून द्यायचं, आणि ठेवीदारांना त्यांच्या ठेवी दहा वर्षांत हप्त्याहप्त्यानं परत करायच्या. म्हणजे ज्यानं गंजी पेटवली त्याला नवी गंजी आणि ज्याची जळाली त्याला संयम. संचालकांचे सत्कार अजून चालू आहेत. आणि त्या समितीत, गोकुळराव, आपले हिमांशूराव होते.

मी गप्प बसणारा माणूस नाही, हे आपण लग्नाच्या बैठकीतच अनुभवलं आहे. औरंगपुऱ्यात सभा घेतली. प्राचीन बाबिलोनमधल्या कायद्यापासून सुरुवात केली: गवंड्यानं बांधलेलं घर पडून मालक मेला, तर गवंड्याला देहान्त! मग आपल्या दौलताबादला राजधानी आणणाऱ्या सुलतानाकडे वळलो. त्यानं तांब्याची नाणी चांदीच्या भावानं चालवली, घरोघर टांकसाळी निघाल्या, आणि शेवटी खोट्या नाण्यांच्या बदल्यात खजिन्यातली खरी नाणी वाटावी लागली. पण इतिहासानं त्याला निदान वेडा तरी म्हटलं! आजच्या चुकीला आपण 'अनुभव' म्हणतो आणि अनुभवी माणसाला पुढच्या समितीवर घेतो. टाळ्या थांबेनात. त्या भरात मी गर्जलो की या समितीतला माणूस शहरात दिसला तर त्याला पाण्याचा पेलासुद्धा मिळता कामा नये, तिथल्या तिथं घेराव! (आमच्याकडे नळाला पाणी ज्या बेतानं येतं ते पाहता हा निर्धार पाळणं अवघड नव्हतं.) घरी आलो तर भानुमती फोनवर जावयांना अधिकाच्या जेवणाचं आमंत्रण देत होती.

सभेला पहिल्या रांगेत द्वारकाबाई होती. आमच्या मागच्या गल्लीत राहते, कुरडया-पापड करून विकते, वय एकाहत्तर. माझा गुडघा ज्या डॉक्टरांनी बदलला त्यांच्याचकडे तिचाही नंबर लागला होता. माझे पैसे दुसऱ्या बँकेत होते, म्हणून मी चालतो. तिचे अक्षय्यसंचयमध्ये होते, म्हणून ती प्रत्येक मोर्चाला ऑटोत बसून येते.

तर रविवारी जेवणाची पंगत मांडली. पुरणाचे धोंडे, तूप, तांब्याच्या ताम्हनात तेहेतीस अनारसे, वर दिवा. हिमांशूराव नव्या कुर्त्यात पाटावर बसले. सावनीनं कौतुकानं फोटो काढून स्टेटसला ठेवला. तो त्या दिवशी शहरातच आलेल्या करमाडच्या सांडूभाऊंनी पाहिला आणि समितीवाला ओळखला. सांडूभाऊ म्हणजे आमच्या आंदोलनाचे सरचिटणीस, मुलीच्या शिक्षणाचे पैसे अडकलेले, आवाज माझ्याहून मोठा. जावयांनी दुसरा धोंडा फोडला तोच दारात ट्रॅक्टर थांबला आणि 'समितीवाले, बाहेर या!' सुरू झालं.

मी हातातल्या तुपाच्या वाटीसकट बाहेर गेलो. सांडूभाऊंना वाटलं, सर (म्हणजे मी) नेतृत्व करायला आले. त्यांनी माझ्या दुसऱ्या हातात भोंगा दिला. भोंगा हातात आला की माझं माझ्यावर नियंत्रण राहत नाही. मी ओरडलो, "जबाबदार कोण?" गर्दी गरजली, "समितीवाले!" खिडकीतून भानुमती म्हणाली, "अहो, धोंडे निवतायत."

सांडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "सर, समितीवाला तुमच्या घरात कसा?" मी खाकरून म्हणालो, की ते आमचे जावई आहेत, अधिकाचं वाण द्यायला बोलावलंय.

"जावई व्हय? मंग आधी नाय का सांगायचं! आमी मोकळ्या हातानं आलो की!"

पुढचं काय वर्णू? लिंबाच्या झाडाखाली कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. दोन-चार पोरं घेरावावर ठाम होती. सांडूभाऊंनी त्यांना झाडलं, "घेराव कुटं पळून चाललाय का? धोंड्याचा म्हैना तीन वर्सानं येतो. सराचा जावई त्यो आपला जावई." एक मोटारसायकल टोपी-उपरणं आणायला गेली. पैसे? आंदोलनाच्या वर्गणीतून! गोकुळराव, बेलआउट म्हणजे काय, हे मी दीड तास भाषण करून या लोकांना समजावू शकलो नव्हतो. त्यांनी त्याचं प्रात्यक्षिक माझ्या अंगणात करून दाखवलं. ज्यांचे पैसे अडकले त्यांनी आपापसात पैसे काढून, ज्यानं अडकवले त्याला आहेर केला. वर "गोड मानून घ्या, जावईबापू," असंही म्हणाले. हिमांशूरावांनी गोड मानून घेतलं. (त्यांच्या अहवालातही ठेवीदारांनी परिस्थिती समजून घ्यावी, असं शेवटचं वाक्य आहे.)

शेवटी बायका ओवाळायला आल्या. द्वारकाबाई ऑटोतून उतरून, भिंतीला धरत आली. कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट समोर धरून उभी राहिली. जावयांनी रीतीप्रमाणे खिशात हात घातला.

"ओवाळणी राहू द्या, जावईबापू. आनिक दहा वर्सं मी जगायचं, हे तुमच्या कागदात कुटं लिवलंय तेवढं सांगा."

"मावशी, तो निर्णय समितीचा होता. माझा एकट्याचा नव्हता."

"मंग कुणाचा एकट्याचा व्हता?"

हिमांशूरावांनी पाचशेची नोट ताटात ठेवली. द्वारकाबाईनं ती उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारलं, "ह्यो पयला हप्ता धरू का?" सगळे हसले. हिमांशूरावही हसले आणि आत जाऊन आणखी दोन धोंडे जेवले. ती हसली नाही. गुडघा धरून ऑटोत बसली आणि गेली.

तर टोपी-उपरण्याची हकिगत ही अशी. आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं असेल तर पोटात घालावं. धोंडे मात्र उणे नव्हते, याला चिरंजीवांचं पोट साक्षी आहे. विहीणबाईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
मधुसूदन

ता. क. खरं तर हे पत्र पुढच्या चार ओळींसाठीच लिहिलं. सावनी सांगते, हिमांशूराव सातवीत आपल्याच वर्गात मॉनिटर होते. पाण्याचा माठ त्यांच्या हातून फुटला आणि "वर्गानं फोडला" असं ते म्हणाले. तेव्हा आपण सगळ्या वर्गाला खाली बसवलंत आणि आठवडाभर त्यांना एकट्याला हापशावरून पाणी आणायला लावलंत. गोकुळराव, या देशाच्या अर्थकारणाला त्यानंतर असा माणूस भेटलेला नाही. मी सासरा. मी विचारलं तर मुलीच्या संसाराला लागतं. आपण बाप आहात. द्वारकाबाईचा प्रश्न त्यांना आपण विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू देऊ नये.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकायचं दोन दिवस राहिलं. तेवढ्यात हिमांशूरावांचा फोन आला. सरकार 'ठेवीदार सुसंवाद समिती' नेमतंय आणि तिच्यावर मला घेतलंय. मानधन नाही, फक्त गाडी आहे. मी तत्त्व म्हणून नकार देणार होतो, पण आत राहूनच आवाज उठवता येतो, असं माझं पूर्वीपासून मत आहे. (केव्हापासून, ते भानुमतीनं विचारलं.) सदस्य झाल्यामुळे मला आता जाहीर प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून वरच्या विनंतीची निकड अधिकच वाढली आहे.

ता. क. शेवटचा. आज सकाळी गाडी दारात आली. मी निघालो तर भानुमती ताट घेऊन उंबऱ्यात उभी. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, अधिकाचा महिना आहे, घरात सरकारचा दुसरा जावई झाला. कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट तसंच धरून म्हणाली, ओवाळणी नको, द्वारकाबाईला काय सांगू ते सांगा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती ताट खाली घेईना. मग मी खिशात हात घातला आणि पाचशेची नोट ठेवली.