दोन गुण कमी

३ जून, मंगळवार

सापडलं! पान एक्केचाळीस, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्या छापखान्यानं सगळ्यांचा विमा काढलाय, त्यात मुलांच्या दातांच्या तारासुद्धा बसतात! दोन वर्षं ती पुस्तिका कपाटात पडून होती. आणि मी दिवसभर लोकांची मुद्रितं तपासते— बारीक अक्षरं वाचणं हाच माझा धंदा. घरचं तेवढं वाचायचं राहिलं.

लेकीला सांगितलं. ‘म्हणजे तोंडाला कुंपण?’ म्हणाली आणि सुटलीच हसत. बारा वर्षांची झाली ठकी, पण हसते अशी की खालच्या मजल्यावरचे खिडकीतून वर बघतात.

५ जून, गुरुवार

एक अट आहे. नुसतं छान दिसायला तारा हव्या असतील तर विमा काही देत नाही. दात किती वाकडे, चावताना किती त्रास, याला गुण देतात. सव्वीस झाले तर मंजूर.

म्हणजे दात चांगलेच वाकडे निघायला हवेत! रात्री जेवणं झाल्यावर ठकीच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. हे म्हणाले, ‘अगं, मला तर सरळच दिसतायत.’

‘तुम्ही विमावाल्यांसमोर तोंड उघडू नका म्हणजे झालं!’

११ जून, बुधवार

डॉक्टरबाईंनी इवलीशी पट्टी घेऊन एकेक दात मोजला. मी श्वास रोखून बसलेली. खालचे दोन दात वरच्यांच्या पुढे येतात, घासून घासून झिजायला लागलेत. ‘जबडा वाढतोय तोवरच तारांनी जमेल. नंतर मग शस्त्रक्रिया.’ विम्याशिवाय हे आम्हाला झेपणार नाही, हे त्यांना बहुधा माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं.

गुण चोवीस. दोन कमी!

‘आई, मी दातांत नापास?’ ठकी खुर्चीत आडवी पडून हसतेय, तोंडात आरसा तसाच. डॉक्टरबाईंनाही हसू आवरेना.

२० जून, शुक्रवार

नामंजूर. ठाऊकच होतं. पण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात— तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो! लगेच विम्याच्या कचेरीत फोन लावला. तिकडची बाई मोठी गोड. ‘ताई, मुलीच्या मनावर काही परिणाम होत असेल तर तसं पत्र द्या. त्याचे वेगळे गुण असतात. नीट सविस्तर लिहा हं.’

वेगळे गुण! फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकीच घेतली. पत्र लिहायचंय, आणि तेही मी!

२२ जून, रविवार

लिहिलं. चार वेळा. पहिल्या खर्ड्यात सगळं खरं होतं. वाचून वाटलं, यावर कोण गुण देईल? मग लेखणी सुटलीच. वर्गात मागे बसते. फोटोत ओठ मिटून उभी राहते. हसताना डाव्या हातानं तोंड झाकते— उजव्या हातात पेन असतं, म्हणून डावा. तो डावा हात मला फारच आवडला. अशा बारक्या गोष्टीनंच माणसाला पटतं. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी!

यातलं काहीच खरं नाही. पण झिजणारे दात तर खरे आहेत ना! दोन गुणांसाठी एवढं चालेल.

यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, ‘ही कोणाची मुलगी गं?’

२३ जून, सोमवार

अर्ज गेला! कागद फोनवरून पाठवायचे असतात, ते मला कुठलं जमायला! सगळं ठकीनंच केलं. एकेक पान टेबलावर सरळ करून फोटो काढला— डॉक्टरबाईंचा अहवाल, नामंजुरी, माझं पत्र. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो, आज चकार शब्द नाही. किती जबाबदार झालीय पोर!

१ जुलै, मंगळवार

अजून काही नाही. दर तासाला फोन बघते.

९ जुलै, बुधवार

मंजूर! मंजूर!! सत्तावीस गुण!

छापखान्यात किंचाळलेच. मालक चष्मा कपाळावर चढवून धावत बाहेर. ‘काय झालं? आग लागली?’ त्यांना म्हटलं, पान एक्केचाळीस वाचा! डॉक्टरबाईंना कळवलं. ‘असं लिहिलंत तरी काय हो?’ मी आपली फुगून टम्म. शनिवारी तारा बसणार. झिजायचे थांबणार दात. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

१० जुलै, गुरुवार

संध्याकाळी मी मालकांची नक्कल करून दाखवली— चष्मा, धावणं, आग, सगळं. हे पोट धरून हसले. ठकीही हसली. आवाज न करता. हातात पेन नव्हतं, काहीच नव्हतं.

तोंडावर डावा हात.