थोपटणारा हात

३ फेब्रुवारी, चाकूर
बिलोलीहून दुपारी पोचलो, मी आणि माझी तीन वर्षांची तनू. खोली झकास, दारात शेवगा. घरमालकीण सरजाबाईंनी आल्या आल्या तनूच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. पोरगी लगेच त्यांची झाली. आरोग्य सर्वेक्षणाची नोकरी. साहेबांनी, व्यंकटरावांनी, मनगटाला बांधायचा पट्टा दिला. तो बांधून भिंत, डबा, मांडी, कशावरही बोटं आपटली की मोबाइलवर अक्षरं उमटतात. आधी तो विशाखाताईंकडे होता, त्या नोकरी सोडून गेल्या. आता त्याला माझा हात शिकवायचा, म्हणजे हजारदा आपटायचं. मी पडले हुशार. पट्टा बांधूनच भाकरी थापल्या. सरावही झाला, जेवणही झालं.

९ फेब्रुवारी
आज अठ्ठावीस घरं. पायांचे तुकडे पडलेत. दुपारी तनूला थोपटून निजवलं, पट्टा हातातच राहिला. मोबाइलवर ओळ आली: झोप बाई झोप. हसूच आलं. भाकरीचा हात शिकवला, आता थोपटलं तरी लिहितोय मेला.

१४ फेब्रुवारी
आज थोपटताना आलं: उठू नको. असं काही माझ्या मनातही नव्हतं. सरजाबाईंना दाखवलं. त्या खाली बसल्या. विशाखा याच खोलीत राहायची म्हणाल्या, तिची लेक इथंच तापानं गेली. लेकरू गार पडलं तरी बाई थोपटूनच राहिली व्हती, लई वेळ, हातात ह्योच पट्टा. मला व्यंकटरावांचा भयंकर राग आला, तोच पट्टा काही न सांगता माझ्या हाती दिला.

१७ फेब्रुवारी
पट्टा परत केला. नोकरी गेली तर गेली. घरी येऊन तनूशेजारी आडवी झाले. जाग आली तेव्हा माझा उजवा हात तिच्या पाठीवर होता. थोपटत.

१९ फेब्रुवारी
तनू नऊला उठली, दहाला पुन्हा झोपली. ताप नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. माझा उजवा हात दोरीनं खाटेला बांधला. तो खाटेवर आपटतोय.

२० फेब्रुवारी
सकाळपासून उठलीच नाही — सरजाबाई रिक्षा आणायला गेल्यात — दोरी तुटली. डाव्या हातानं लिहितेय, उजवा तिच्या पाठीवर. पट्टा नाही, तरी कोनाड्यात मोबाइल उजळतोय. उठू नको. उठू नको.

भीती वाटते. आणि इतकी दमलेय, की थोपटताना बरं वाटतं — नाही. हाक मारायचीय, आवाज फुटत नाही. निदान लिहिते, डावा हात तरी माझा —

तनू, ऊठ.
तनू, ऊठ.
तनू, उठू न