बाभळीवरचा गडी

आबा,

येत्या रविवारी मला आमच्या चर्चच्या मंडळीचा वडील नेमणार आहेत. वडील म्हणजे मंडळीतल्या माणसांची राखण करणारा, असं आमचे पाळकसाहेब सांगतात. साहेब पुण्याकडचे, मेंढरू त्यांनी बाजारातच काय ते पाहिलेलं. परवा इथल्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या घोंगड्यांच्या दुकानात बसून विचारत होते, "काय हो, मेंढरं खरंच धन्याचा आवाज ओळखतात?" मी म्हटलं, "साहेब, गिऱ्हाईक ओळखत नाही, मेंढरू ओळखतं." हसले. मग म्हणाले, "रविवारचा उतारा तुम्हीच वाचा. चांगला मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो आणि मजुरीचा गडी लांडगा पाहून पळतो, तो. आणि मागून तुमच्या आबांची ती गोष्ट सांगा."

ती गोष्ट मी वीस वर्षं सांगतोय. कुंभारीच्या माळावर उजाडताना लांडगा येतो, चाकरीचा गडी बाभळीवर चढतो, आणि आबा एकटे काठी घेऊन मेंढरं कोंडलेल्या जाळ्याच्या वाघरीच्या तोंडाशी उभे राहतात. लोकांना गडी फार आवडतो. त्याचं धोतर काट्यात अडकतं तिथे बायका पदर तोंडाला लावतात.

पण आबा, आपल्याकडे चाकरीला गडी होता कुठे? माझं लग्न ठरलेलं, मिशी फुटलेली, आणि मी बाभळीवर बसलोय. लांडगा गेला, तरी तुम्ही मला नावाने बोलावलं नाहीत. पांगलेल्या मेंढरांना घालता तीच हाळी घातलीत, आणि मेंढरांबरोबर मीही आलो. लांडग्याने फाडलेल्या आपल्या दंडाला मुंडाशाचं फडकं गुंडाळून तुम्ही माझ्या तळव्यातले काटे काढत बसलात. "दुसऱ्या बारीला लिंबावर चढ की रं. बाभळ कशाला धरलीस?" एवढंच बोललात. पुढे कधी कुणाला सांगितलंही नाहीत.

मला नवल वाटतं ते निराळंच. त्याच्या आदल्या वर्षी बाजारात एक उपदेशक याच चांगल्या मेंढपाळाचा दाखला सांगत होता. तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "राखणाराच मेला तर दुसऱ्या दिवशी मेंढरं कोण राखणार, म्हाराज?" त्याने पुढचा उतारा काढला. मला तुमचंच पटलं होतं. मग त्या दिवशी तुम्ही का नाही पळालात? सवाल तर तुमचाच. दुसऱ्या दिवशी कोण राखणार होतं? बाभळीवर एकटा मीच होतो.

साहेब म्हणतात, प्रभूच्या एका शिष्याने ऐन वेळी 'मी याला ओळखत नाही' म्हटलं, पुढे त्याच्याच हाती प्रभूने आपली कोकरं सोपवली. ते सहज बोलले. मी मात्र घोंगड्यांची घडी उगाच मोडून परत घातली. काल दुकानाचं दार लावून घेतलं आणि तुमची हाळी घालून पाहिली. शेजारचा तेलुगू विणकर धावत आला, "सावकार, काय झालं?" म्हणजे आवाज काही जमला नाही.

रविवारी गडी कोण होता ते सांगायचं ठरवलंय. तुम्ही आता नाही, म्हणून हा कागद पवित्र शास्त्रातच त्या उताऱ्यापाशी राहील. पण आबा, खरं सांगतो, बाभळीच्या जागी लिंब म्हणावं, धोतर तरी अडकायचं नाही, असं अजून मनात येतंय.