बेकरीवाल्यांचा डावा कान

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा डाव्याच्या जरा मागून येतो, पण येतो. आठ महिन्यांपूर्वी बोलावूनही येत नव्हता.)

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की ते अजून लपून सिगारेट ओढतात? आणि हो, अक्षर बघून तू पत्र मिटायला निघालीस, हे मला इथं बसून दिसतंय. थांब. अक्षर सूनबाईचं असलं तरी बोल माझे आहेत. मला अर्धांगाचा झटका आला हे तुझ्यापासून दोन महिने लपवलं, तुला ताकास तूर लागू दिली नाही, ही माझी चूक, आणि ती मी मागच्या चारही पत्रांत कबूल केली. त्यावर तू एका ओळीचं कार्ड धाडलंस, की "तुझ्या हातचं अक्षर दिसेपर्यंत तू बरा आहेस यावर माझा विश्वास नाही आणि तोवर मी तुझ्या घरी येणार नाही." ठीक आहे. पण तुझा भाऊ आता साधा टेलर राहिलेला नाही, तो चित्रकार झालाय, हे तरी वाच.

झालं असं, की व्यायामाच्या दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी मला आधी स्पंजचा चेंडू दाबायला दिला. चाळीस वर्षं कात्री चालवलेला हात माझा, त्यानं दिवसभर स्पंज दाबत बसायचं? तिसऱ्या दिवशी मी चेंडू खिडकीतून टाकला. (डाव्या हातानं. उजव्यानं टाकता आला असता तर भांडण कशाला होतं?) बाई शहाण्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी एक जाडजूड ब्रश आणला, माझ्याच शर्टाच्या खिशातलं इलॅस्टिक काढून तो बोटांना बांधला आणि म्हणाल्या, समोर जे दिसतंय ते काढा.

समोर दिसत होते एक बेकरीवाले, माझ्यासारखेच पेशंट. मनगट मोडून बसले होते. आता ताई, माप घेतल्याशिवाय मी आयुष्यात कशाला हात लावलेला नाही. मी टेप मागवला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळ्यांची मापं घेतली, सूनबाईकडून वहीत लिहून घेतली आणि काढायला बसलो. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, तसं झालं. कापड बेतताना आपण दोन्ही बाजूंना शिवणीत इंचभर जादा कापडाची माया सोडतो, तशी मी चेहऱ्यालाही सोडली. बेकरीवाले कागदावर उतरले ते भोपळ्यासारखे. बिचाऱ्यांनी स्वतःचे गाल चाचपले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, हे नंतर आत घेता येईल का?"

मी म्हटलं, येईल की, उद्या ट्रायलला या.

आणि ताई, इथूनच माझ्या कलेला खरा बहर आला. त्या दवाखान्याची रीत अशी, की माणूस चार दिवस येतो, मग कंटाळतो, आणि मोडलेला हात गळ्यात अडकवून घरी टीव्ही बघतो. बाईंच्या रजिस्टरात निम्मी पानं कोरी. पण मी बेकरीवाल्यांचा डावा कान बाकी ठेवला ना! उद्या या म्हटलं, ते आले. रंग वाळला नाही म्हटलं, परत आले. ब्रश धुवायला दिलाय म्हटलं, तरी आले. आता आलेच आहेत म्हणून बाई त्यांच्याकडून मनगटाचे व्यायाम करून घ्यायच्या. असे आठ दिवस गेले (सूनबाई म्हणते अकरा, बरं, अकरा), आणि बाराव्या दिवशी त्यांनी पावाचा भरलेला ट्रे एकट्यानं उचलून आमच्यासाठी आणला. त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं. आल्या आल्या विचारतात काय, तर कान झाला का?

मग बाईंनी मला अख्खी भिंत दिली. जिथं हाडांचे तक्ते लावले होते तिथं आता आम्ही सगळे पेशंट ओळीनं उभे आहोत, आणि एकही पुरा नाही. बस ड्रायव्हरनं पाठीचे व्यायाम महिन्याभरापूर्वी सोडले होते. त्याला निरोप धाडला, की तुझी अर्धी मिशी काढून झाली आहे. दुसऱ्या दिवशी दारात हजर. पूर्वी हे दोघं पंख्याखालच्या खुर्चीवरून रोज भांडायचे. आता बेकरीवाले रंगाची ताटली धरतात आणि ड्रायव्हर मला शिडीवर चढवतो. प्रत्येकाला इंच-इंच माया सोडल्यामुळे शेवटी भिंत कमी पडली आणि फिजिओबाई नेमक्या दारावर आल्या. दार उघडलं की त्या अर्ध्या बाहेर जातात. त्या म्हणाल्या, नाहीतरी माझं असंच असतं.

परवा मोठे डॉक्टर भिंत बघायला आले. बाईंनी त्यांना सांगितलं, की चित्रकलेनं मन शांत होतं, रक्तदाब उतरतो, माणसं माणसांत येतात, रजिस्टर बघा, एक पान कोरं नाही. मी नम्रपणे मान हलवत होतो. खरं कारण त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि जगात दुसरं कुणाला कळेल तर तुला. तुझा निळा कोट माझ्याकडे शिवायला किती वर्षं पडून आहे? पण ताई, खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. आयुष्यभर ज्या 'उद्या या'च्या सवयीपायी शिव्या खाल्ल्या, तिनं माणसं बरी होताहेत. आणि माझा हातही. आता शर्टाची बटणं मी माझी मीच लावतो.

भाऊजींना नमस्कार. तुला पुन्हा एकदा, दोन्ही हातांनी.

तुझा,
मास्तर

ता. क. सूनबाई पुढे लिहीत नाही, अडून बसली आहे, खरं सांगा म्हणते. बटणं तीच लावते. मी वरचं एक लावतो, आणि तेही चुकीच्या काजात. कात्री अजून धरता येत नाही, आणि पुढे येईल का, ते बाईही सांगत नाहीत.

ता. क. २. भिंतीवर बेकरीवाल्यांच्या शेजारी एक बाई निळ्या कोटात उभी आहे. खांद्याचं माप माझ्या लक्षात होतं, साडेचौदा. चेहरा कोरा आहे, कारण चेहऱ्याचं माप माझ्याकडे नाही. लोक रोज विचारतात, ह्या कोण? मी सांगतो, येणार आहेत.

ता. क. ३. आता पेन मी घेतोय. त्याला ब्रशचंच इलॅस्टिक बांधलंय. सूनबाईला खोलीबाहेर पाठवतो, म्हणजे मदत केली असा संशय तुला नको. खालच्या ओळी उतरत गेल्या तर हसू नकोस.

ताई
हा मीच
उद्या ये
कोट झाला नाही