पुलिकतला, अप्पांना सोडून

शुक्रवार, १७ जानेवारी
आले एकदाची! पुलिकत चेन्नईहून दोन तासांवर, आणि निघायला मला चार वर्षं लागली. अप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून गिंडीचं ऑफिस आणि अण्णा नगरचं घर, बस्स. उपेंद्र नाशिकहून आला तोही पाहुण्यासारखा — "ताई, अप्पांचे डायपर कुठल्या कपाटात?" अरे भावा, चार वर्षांत आज विचारतोयस! अप्पा माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

शनिवार, १८
दुपारपर्यंत झोपले. सरोवरात हजारो फ्लेमिंगो आलेत म्हणे. येऊ देत.
उपेंद्रचे तीन फोन. "ताई, तोंडच उघडत नाहीत गं." मी काय इथून भरवू? खूप चिडले. मग रडले.

रविवार, १९
सकाळी बंदरावर गेले. होड्या निघून गेलेल्या. एळुमलै म्हणून एक वयस्कर कोळी सावलीत जाळं शिवत बसले होते. विचारलं, बरं नाही का?
"आज माझा पाडू नाही."
पाडू म्हणजे पाळी. कोळंबीच्या चांगल्या जागा थोड्या, घरं जास्त — म्हणून सगळे मिळून कुणी कधी जायचं ते ठरवून घेतात. मी म्हटलं, एवढं पाणी पसरलंय, गेलात तर कोण बघतंय? हसले. "अम्मा, मग ज्याचा पाडू आहे त्यानं काय करायचं?"
परत येताना फ्लेमिंगो दिसले. चिखलात शांत उभे. सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू! पण डोक्यात तेच. उपेंद्रला जमायचं नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं की. त्यानं हात पुढे करायच्या आत वाटी मीच उचलायची. आणि वर धुसफूसही मीच करायची!
संध्याकाळी त्याला सांगितलं — महिन्यातले आठ दिवस तुझे, काम चेन्नईहूनही होतं तुझं. "बघू गं..." म्हणाला. अप्पांच्या कानाला फोन लावायला लावून त्यांनाही एळुमलैंची गोष्ट सांगितली.

सोमवार, २०
घरी पोचले तर जेवणाची वेळ. पर्स टाकली, हात धुतले, उपेंद्रच्या हातातली वाटी घ्यायला गेले. अप्पांनी धड हात मध्ये घातला. जीभ जड, तरी नीट कळलं —
"बस. आज तुझा पाडू नाही."
आणि उपेंद्रकडे वळून तोंड उघडलं.