देवराईचा स्टॉक

५ जानेवारी
पोफळीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर होऊन गावी आल्याला वर्ष होत आलं. अजून एकाही कमिटीवर घेतलेलं नाही.

आज देवराईला बाहेरून चक्कर मारली. गाव म्हणतो, इथली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. कुंपण नाही, वॉचमन नाही, रजिस्टर नाही. माझा जन्म स्टोअर डिपार्टमेंटमध्ये गेला. कुलूप नसलेल्या स्टोअरमध्ये माल शाबूत राहत नसतो. मग इतकी जुनी झाडं शिल्लक कशी? संशयास्पद.

पहिला संशय बाळा गुरवावर. पूजेच्या नावाखाली रोज आत जातो.

संकल्प: २६ तारखेच्या ग्रामसभेत जैवविविधता समितीचं अध्यक्षपद. देवराई योग्य हातात गेली पाहिजे. तसे हात गावात दोनच आहेत, दोन्ही माझे.

७ जानेवारी
कार्बन क्रेडिटवर वेबिनार बघितला. झाड न तोडता झाडाचं उत्पन्न! मध्येच रेंज गेली, पण मुद्दा कळला. आधी मोजणी, मग सगळं. शेवटी स्टॉक-टेकिंगच की.

९ जानेवारी, दुपार
मोजणी सुरू. प्रत्येक खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजला आणि लाल ऑइल पेंटने नंबर घातला. रंग आपल्या गेटचा उरलेला. देवळामागच्या बेहेड्याला एक नंबर दिला. पुढे किंजळ, ऐन, सातवीण. चप्पल बाहेर काढली होती, तिथला नियम आहे. तळपायात काटा मोडला.

जेवताना सौ. दमयंती म्हणाली, गेल्या साली पलीकडच्या वाडीतल्या रानात लाकडाच्या ठेकेदाराने असेच लाल नंबर घातले होते आणि आठवड्यात रान उघडंबोडकं झालं. लोक काय समजतील? तिला म्हटलं, लोकांना ठेकेदार आणि पर्यावरणतज्ज्ञ यांतला फरक कळतो.

हाताचा रंग रॉकेलनेही जात नाही.

१० जानेवारी
शेजारच्या केरूने बांधावरून विचारलं, झाडांवर काय लिवताव? योजना गुप्त ठेवायची असल्यामुळे म्हटलं, व्यवहार पक्का झाला की सांगेन. त्याचा चेहरा पडला. चोराच्या मनात चांदणं!

१२ जानेवारी
माझे नंबर कोणीतरी कोयत्याने खरवडून टाकले! पुरावा नष्ट करण्याचा उघड प्रयत्न. म्हणजे टोळी आहे, आणि तिला माझी धास्ती बसली आहे. परत घातले, यावेळी मोठे.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला फारसं कोणी आलं नाही. मोठ्या माणसाला लोक बिचकतात.

सकाळी देवळात गर्दी होती. बाळा गुरवाने देवीला कौल लावला. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, देवीला प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली की होकार. उजवी लगेच पडली. प्रश्न काय होता ते मात्र मला कोणी सांगेना. माझ्या अध्यक्षपदाचा असावा. सगळे माझ्याकडे बघत होते.

१६ जानेवारी
टोळीचा माग लागला. देवराईच्या वाटेवर आता रोज कोणी ना कोणी बसलेलं असतं. काल केरू कोयता घेऊन. आज बचतगटाची सगुणा, सूप घेऊन तांदूळ निवडत! घर सोडून रानात तांदूळ कोण निवडतं? मी दिसताच तिने फोन लावला आणि पाच मिनिटांत चार माणसं गोळा झाली. सगळे आपले उभे. कुठं चाललाव म्हणून विचारलं. म्हटलं, सहज. ते म्हणाले, आम्हीपण सहज.

मोजणी झाली नाही.

१८ जानेवारी
वनखात्याला अर्ज: आमच्या देवराईत वृक्षचोर फिरत आहेत, तातडीने पाहणी व्हावी.

२१ जानेवारी
खात्याची वनरक्षक आली. वैष्णवी नाव, वयाने लहान, पण नजर पक्की. अर्ज माझा, म्हणून मीच तिला सगळं दाखवलं. नंबर कोणी घातले विचारलं. अभिमानाने सांगितलं. परवानगी कोणाची, विचारलं. म्हटलं, पर्यावरणाची. तिने माझं नाव दोनदा विचारलं, फोटो काढला आणि रंगाचा डबा घेऊन गेली. पोच मागितली, दिली नाही.

हीसुद्धा सामील दिसते.

२४ जानेवारी
गाव बोलत नाही. दुकानात गेलो की गप्पा बंद. रात्री जेवताना दमयंतीला म्हटलं, या गावात विश्वास ठेवावा असं एक माणूस उरलं नाही. तिने माझ्या लाल बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, गावही तेच म्हणतो.

२६ जानेवारी
ग्रामसभा. अध्यक्षपदी सगुणा! मी तरीही मनाचा मोठेपणा दाखवला. उभा राहून ठणकावून मांडलं की देवराईला रोज राखण हवी, घरटी पाळी लावा, कोणी सुटता कामा नये. सगळे हसले. केरू म्हणाला, कौल मिळाल्यापासून तेच चाललंय.

माझी योजना मी मांडायच्या आधीच चोरली!

पण मग इतके दिवस मला दिसलं कसं नाही?

२७ जानेवारी, सकाळ
आज आपल्या घराची पाळी. दमयंतीने सूप घेतलं, पाण्याची बाटली घेतली. मी पॉवरहाऊसचं जुनं ओळखपत्र गळ्यात घातलं. ती म्हणाली, तुम्ही नको.

विचारलं, राखण करायची ती कोणापासून? तिने सांगितलं. कौलाला प्रश्नही तोच होता म्हणे, या माणसाला राईत जाण्यापासून अडवावं का. उजवी पाकळी. लगेच.

तू त्या दिवशी देवळात होतीस ना, एक शब्द बोलली नाहीस? ती म्हणाली, काय बोलणार, देवीच बोलली.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. मी झाडं वाचवायलाच गेलो होतो.

तिने चप्पल घालता घालता समजूत काढली. तुम्ही घरात बसलात तर आपल्या घराची पाळी निम्मी इथेच झाली, म्हणाली. म्हणजे राखणीत माझाही निम्मा वाटा आहे. हे कुठेतरी नोंदवलं पाहिजे.

११ वाजता
नोंदवायला पंचायतीत निघालो होतो. दाराला बाहेरून कडी आहे. वाऱ्याने लागली असावी.